पृष्ठभाग ठरवतो

पनवेलजवळच्या कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर ट्रकची रांग लागलेली असते. त्यातल्या एखाद्या नव्या गाडीच्या बाजूने चालत गेलात, तर डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक लहान टाकी दिसेल. चालक तिला युरियाची टाकी म्हणतात. तिच्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुरासाठीची बीएस-६ मानके लागू झाली आणि अवजड डिझेल गाड्यांना ही टाकी चिकटली. ती रिकामी झाली की इंजिनाची ताकद आपोआप घटवली जाते आणि भरलेली गाडी बोरघाटात ओढत नाही. त्यामुळे चालकाला डिझेलइतकीच तिचीही काळजी घ्यावी लागते.

हा युरिया इंजिनात जात नाही. इंजिनातून निघालेल्या गरम धुरात तो फवारला जातो, तिथे फुटून त्याचा अमोनिया होतो. सायलेन्सरच्या डब्यात बारीक समांतर नळ्यांनी भरलेला सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्याच्या भिंतींवर लावलेल्या उत्प्रेरकाच्या थरात हा अमोनिया धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांना गाठतो. पलीकडून बाहेर पडते ती वाफ आणि आपण रोज श्वासात घेतो तो साधा नायट्रोजन.

तिथून काही किलोमीटरवर, तळोजा एमआयडीसीत, अगदी उलट काम चालते. तिथे अमोनियापासून मुद्दाम नायट्रोजन ऑक्साइड बनवतात, कारण नायट्रिक आम्ल त्यातूनच तयार होते. दोन्हीकडे अमोनियाच आहे आणि दोन्हीकडे ऑक्सिजन आहे. एका ठिकाणी हवा असलेला वायू दुसऱ्या ठिकाणी नको आहे.

शाळेच्या पुस्तकात उत्प्रेरकाची व्याख्या अशी असते: जो अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः खर्च होत नाही तो. व्याख्या बरोबर आहे, पण ती वाचून विद्यार्थ्याच्या मनात केवळ घाई करणाऱ्या पदार्थाचे चित्र उभे राहते, आणि मला ते अपुरे वाटते. अमोनिया आणि ऑक्सिजन एकत्र आले की त्यांच्यापुढे किमान तीन वाटा असतात: साधा नायट्रोजन, नायट्रस ऑक्साइड किंवा नायट्रिक ऑक्साइड. तिन्ही वाटांनी ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे निसर्गाची कोणत्याच वाटेला हरकत नाही. कोणती वाट सर्वांत सोपी व्हायची, हे ठरवतो तो घन पदार्थाचा पृष्ठभाग. ऊर्जा आणि प्रदूषणाच्या प्रश्नांसाठी उत्प्रेरक घडवणारे लोक या निवडीवरच आयुष्य घालवतात. आणि ती समजून घ्यायला पनवेल तालुक्यासारखी दुसरी जागा शोधूनही सापडणे कठीण, कारण इथे नायट्रोजन हवेतून बांधला जातो, जाळला जातो आणि पुन्हा हवेत सोडलाही जातो.

सुरुवात बांधण्यापासून करू. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात. नुसती उष्णता देऊन तो तुटेल, पण तितक्या उष्णतेत तयार झालेला अमोनिया टिकत नाही. म्हणजे कमी तापमानात बंध तोडणारे काहीतरी हवे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये कार्ल्सरूहे इथे ऑस्मियम वापरून हे करून दाखवले, पण ऑस्मियम जगातच मूठभर. मग बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांच्या गटाने १९१२ पर्यंत सुमारे २,५०० वेगवेगळ्या मिश्रणांवर ६,५०० च्या आसपास चाचण्या केल्या. स्वीडनहून आलेल्या एका मॅग्नेटाइट दगडाचा नमुना अनपेक्षितपणे चांगला चालला. शुद्ध लोखंड तसे चालत नव्हते, म्हणजे त्या दगडातल्या अशुद्धींतच काहीतरी गुण होता. त्या एकेक करून तपासल्यावर सूत्र हाती आले: लोखंड, थोडे ॲल्युमिना, थोडे पोटॅश. १९१३ मध्ये ओप्पाऊ इथला कारखाना सुरू झाला. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी जगातला बहुतेक अमोनिया आजही याच घराण्यातल्या लोखंडावर बनतो.

तळोज्यातही तसेच. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या दीपक फर्टिलायझर्सचा इथे मोठा पसारा आहे, आणि २०२३ मध्ये त्यांच्या समूहाचा वर्षाला सुमारे पाच लाख टन क्षमतेचा नवा अमोनिया प्रकल्प इथेच सुरू झाला. हायड्रोजन येतो नैसर्गिक वायूतून. पण त्या वायूला लोखंडापर्यंत पोहोचण्याआधी उत्प्रेरकांची एक मालिकाच पार करावी लागते. आधी झिंक ऑक्साइड त्यातले गंधक शोषून घेते, कारण पुढच्या निकेलला गंधकाचा मागमूसही चालत नाही. निकेलवर वायू आणि वाफ मिळून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड होतात. मग लोखंड-क्रोमियम आणि तांबे-जस्त यांच्यावर कार्बन मोनॉक्साइड वाफेशी जुळून आणखी हायड्रोजन देतो. शेवटी उरलेसुरले कार्बन ऑक्साइड दुसऱ्या एका निकेलवर मिथेनमध्ये बदलले जातात, कारण ऑक्सिजन असलेले कोणतेही संयुग लोखंडाला विषासारखे असते. अशा उत्प्रेरकांच्या गोळ्या आणि कड्या बनवणाऱ्या ब्रिटिश जॉन्सन मॅथी कंपनीचा कारखानाही तळोज्यातच आहे, ही गोष्ट पनवेलमध्ये फार थोड्यांना माहीत असेल.

लोखंडाचा उत्प्रेरक बनवण्याची रीत भट्टीची आहे. मॅग्नेटाइट, ॲल्युमिना, चुना आणि पोटॅश सुमारे १,६०० अंशांना एकत्र वितळवतात, थंड करून फोडतात, चाळतात. पात्रात भरल्यावर हायड्रोजनने त्यातला ऑक्सिजन काही दिवस सावकाश काढून घेतात. ऑक्सिजन निघून गेलेल्या जागा पोकळ राहतात आणि लोखंड सच्छिद्र होते. ॲल्युमिना त्या लोखंडाच्या कणांना एकमेकांत वितळून जाण्यापासून अडवते, आणि पोटॅशियम पृष्ठभागाला इलेक्ट्रॉन पुरवून नायट्रोजनचा बंध आणखी सैल करते. हे सगळे नेमके कसे घडते, ते गेरहार्ट एर्टल यांनी अणूंच्या पातळीवर दाखवले आणि त्यांना २००७ चे नोबेल मिळाले. गॅबोर सोमोर्जाई यांच्या प्रयोगशाळेत तर लोखंडाचे एकसंध स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी कापून तपासले गेले. एका दिशेने कापलेला पृष्ठभाग दुसऱ्यापेक्षा अमोनिया बनवण्यात चारशेहून अधिक पटींनी क्रियाशील निघाला. धातू तोच, फक्त वरच्या अणूंची मांडणी वेगळी.

पृष्ठभाग चांगला म्हणजे कसा, याचे उत्तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी दिले होते. पनवेलच्या एसटी स्थानकात कोकणात जाणारी गाडी लागली की चढणाऱ्याला जागा मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच आधीचे प्रवासी उतरणे महत्त्वाचे. उत्प्रेरकाचेही तसेच आहे. पृष्ठभागाने रेणू धरला नाही तर काही घडत नाही, आणि फार घट्ट धरला तर तो जागा सोडत नाही. मॉलिब्डेनम नायट्रोजनला फार घट्ट धरतो, कोबाल्ट फार सैल. लोखंड आणि रुथेनियम मधे कुठेतरी येतात. २००१ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी संगणकावर ही पकड मोजून असा विचार केला की कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम एकाच पृष्ठभागावर शेजारी बसवले, तर पकड मधोमध यायला हवी. त्यांनी तसे नायट्राइड बनवले, आणि ते प्रयोगशाळेत लोखंडाच्या तोडीचे, काही परिस्थितींत त्याहून सरस ठरले. मिटाश यांच्या हजारो चाचण्यांच्या जागी आधी हिशेब आणि मग प्रयोग, हा बदल मला या शास्त्रातला सर्वांत मोठा वाटतो.

आता जाळण्याकडे. तळोज्यात अमोनियाचा मोठा भाग नायट्रिक आम्लाकडे जातो. त्यातून खाणींच्या सुरुंगांना लागणारे अमोनियम नायट्रेट बनते, आणि राज्यातल्या शेतकऱ्यांना ‘महाधन’ नावाने परिचित असलेली नायट्रोफॉस्फेट खतेही बनतात. यासाठी विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली रीत वापरतात: अमोनिया आणि हवा यांचे मिश्रण प्लॅटिनमच्या जाळीतून सोडायचे. जाळीत दहा टक्क्यांपर्यंत ऱ्होडियम असते, तार केसाइतकी बारीक असते आणि तापमान ८०० ते ९५० अंश. वायू जाळीला स्पर्श करतो तो सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग. त्याहून जास्त वेळ दिला, तर तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड बिघडू लागतो, कारण ऊर्जेच्या दृष्टीने साधा नायट्रोजनच अधिक स्थिर आहे. अभियंते त्याला तिथपर्यंत पोहोचूच देत नाहीत. चांगल्या कारखान्यात ९५ टक्क्यांच्या आसपास अमोनिया हव्या त्या वाटेने जातो.

जाळी लाल होऊन तळपत असताना तिच्यातले प्लॅटिनम ऑक्साइडच्या रूपाने हळूहळू उडत असते. ते वाया जाऊ नये म्हणून खाली पॅलेडियमची दुसरी जाळी लावतात. काही महिन्यांनी जाळी उतरवून शुद्धीकरणाला पाठवतात. इतक्या महागड्या वस्तूचा ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब ठेवला जातो.

खरी अडचण मात्र उरलेल्या पाच टक्क्यांत दडली आहे. त्यातला थोडा अमोनिया नायट्रस ऑक्साइड होतो. हा वायू रंगहीन आहे, तो डोळ्यांना झोंबत नाही, आणि कित्येक दशके कारखाने तो निर्धास्तपणे हवेत सोडत होते. पण तापमानवाढीच्या हिशेबात त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २७३ किलो. कोणताही बंदोबस्त नसलेल्या कारखान्यात एक टन आम्लामागे ५ ते ९ किलो नायट्रस ऑक्साइड निघतो. सात किलो धरले, तरी एका टन आम्लामागे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. यावरचा उपाय पुन्हा घन उत्प्रेरकच आहे. प्लॅटिनमच्या जाळीखालीच कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडच्या गोळ्यांचा थर द्यायचा. त्याने नायट्रस ऑक्साइड फोडायचा, पण त्याच्या कित्येक पट असलेल्या नायट्रिक ऑक्साइडला हात लावायचा नाही. ८५० अंशांवर इतका नेमका भेदभाव करणारा पदार्थ घडवणे किती अवघड असेल, याचा विचार केला की मला त्या कामाबद्दल आदर वाटतो. क्योटो कराराखालच्या कार्बन क्रेडिटच्या आधाराने भारतातल्या काही कारखान्यांनी हे केले. खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेतली आरसीएफ ही खत कंपनी त्यांतली एक. पैसा मिळाला म्हणून केले, असे कोणी म्हणेल. वायू हवेत गेला नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

नायट्रोजन ऑक्साइडला सरसकट खलनायक ठरवणेही बरोबर नाही. पनवेलजवळच्या रसायनी इथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना होता. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तो बंद करायचे ठरवले, पण त्यातला नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग वगळून. तो विभाग इस्रोकडे सोपवण्याचा निर्णय झाला, कारण पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातले विकास इंजिन इंधन जाळण्यासाठी हाच पदार्थ वापरते. कळंबोलीत ट्रकच्या नळीतून निघाल्यावर छातीत जळजळ आणि उन्हाळ्यात ओझोन निर्माण करणारा तोच नायट्रोजन-ऑक्सिजनचा परिवार रसायनीत मोजून-मापून पिंपात भरला जात होता.

आणि आता पुन्हा ट्रककडे. डिझेल इंजिनात हवा भरपूर असते, म्हणून त्याच्या धुरात दहा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरतो, आणि नायट्रोजन ऑक्साइड दशलक्षात काही शे भाग. पेट्रोल गाड्यांमधला उत्प्रेरक इथे निकामी ठरतो. तो मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना १९९५ मध्ये सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. पण त्याला धुरात जादा ऑक्सिजन चालत नाही. डिझेलच्या धुरात सोडलेल्या अमोनियाने समोर शेकडो पट ऑक्सिजन असताना तो टाळून विरळ नायट्रोजन ऑक्साइडच शोधायचा असतो. प्लॅटिनम इथे लावले असते, तर त्याने अमोनियाच जाळून टाकला असता. व्हॅनेडियम ऑक्साइड टायटॅनियावर बसवले, की ३०० ते ४०० अंशांना ही निवड जमते, हे जपानी वीजकेंद्रांनी १९७० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले. आधीच्या बीएस-४ मानकांत अवजड इंजिनाला एका किलोवॉट-तासामागे ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ०.४ ते ०.४६ ग्रॅमवर आली. एवढी मोठी उडी नुसत्या इंजिनाच्या सुधारणेने मारता आली नसती. त्यासाठी डिझेलमधले गंधकही दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणावे लागले. माहुलच्या रिफायनऱ्यांसारख्या ठिकाणी ते काम कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकांनी होते.

व्हॅनेडियमला मोठा धोका उष्णतेचा. ट्रकमध्ये काजळी अडवणारी जाळीही असते. ती अधूनमधून काजळी जाळून साफ करावी लागते, तेव्हा धुराचे तापमान ६०० अंशांपलीकडे जाते. अशा वेळी तांबे बसवलेले झिओलाइट उपयोगी पडतात. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची स्फटिकी रचना, जिच्यात रेणूंच्या मापाची भोके असतात. आधी मोठ्या भोकांचे झिओलाइट वापरून पाहिले. गरम वाफेत त्यांच्यातले ॲल्युमिनियम सुटून बाहेर पडायचे आणि सांगाडा ढासळायचा. मग लहान भोकांचे एसएसझेड-१३ पुढे आले. त्याची भोके ०.३८ नॅनोमीटरची, आणि वाफेने सुटलेले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड सुमारे अर्ध्या नॅनोमीटरचे. ते आतून बाहेर पडू शकत नाही, आणि तापमान उतरले की आपल्या जागी परत बसते. ज्या भोकातून अमोनिया आणि नायट्रिक ऑक्साइड सहज जातात, त्याच भोकामुळे सांगाड्याचा तुकडा मात्र आत अडकून राहतो. उत्प्रेरक घडवणे याचा अर्थ मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या उदाहरणात दिसलेला नाही.

त्यात आणखी एक गोष्ट २०१७ मध्ये उघड झाली. कमी तापमानाला तांब्याचे अणू सांगाड्यावर एका जागी बसून काम करत नाहीत. भोवती अमोनियाचे रेणू घेऊन ते पोकळ्यांमधून फिरतात, आणि दोन तांबे एका पोकळीत भेटले की मगच ऑक्सिजनला कामाला लावू शकतात. म्हणजे तांबे किती घातले याबरोबरच त्याचे अणू एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, याचाही विचार करावा लागतो.

झिओलाइटांचे शास्त्र आपल्याकडे उसने आलेले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी यांच्या गटाने १९८० च्या दशकात एन्सिलाइट नावाचे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले, आणि १९८५ मध्ये बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीत ते झायलीनचे रूपांतर करण्यासाठी प्रत्यक्ष वापरात आले. पॉलिएस्टरच्या कच्च्या मालासाठी ते रूपांतर लागते. परदेशी परवान्यावर चालणाऱ्या उद्योगात देशी उत्प्रेरक आत शिरला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

ट्रकमधला हा डबा बिघडतो कसा, हेही पाहायला हवे. काही जण पैसे वाचवायला शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओततात. २०१५ पासून देशातल्या शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप, मातीचे कण, पाण्यातले कॅल्शियम हे सगळे आधी फवाऱ्याचे तोंड बुजवते आणि मग उत्प्रेरकाच्या क्रियाशील जागांवर जाऊन बसते. शेतकऱ्यासाठी अनुदानावर दिलेला युरिया वळवणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याने हजारोंच्या किमतीचा डबाही मरतो.

दुसरी अडचण चालकाच्या हातात नाही. धूर सुमारे २०० अंशांपेक्षा थंड असला, तर युरिया नीट फुटत नाही आणि त्याचे पांढरे खडे नळीत साचतात. म्हणून संगणक फवारणी बंद ठेवतो. द्रुतगती मार्गावर घाट चढणाऱ्या ट्रकचा धूर गरम असतो, तिथे उत्प्रेरक उत्तम चालतो. कळंबोली सर्कलला किंवा जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर तासन् तास खोळंबलेल्या कंटेनर ट्रकचा धूर थंड पडतो, आणि लोकवस्ती तर तिथेच आहे. कागदावर गाडी बीएस-६ असते, पण त्या रांगेत अडकली की बरेच नायट्रोजन ऑक्साइड तसेच सुटतात. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा १५० अंशांवर चालणाऱ्या पृष्ठभागामागे लागल्या आहेत. एक वाट अशी की आधी प्लॅटिनमवर थोडा नायट्रिक ऑक्साइड नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये बदलायचा. दोन्ही समप्रमाणात असले, की पुढची अभिक्रिया कमी तापमानालाही झपाट्याने होते. पण ते प्लॅटिनमही तापायला वेळ घेते. माझ्या मते पनवेलकरांसाठी वाहतुकीची कोंडी सुटणे आणि नवा उत्प्रेरक येणे, या दोन्ही गोष्टी हवेच्या एकाच प्रश्नाचे भाग आहेत.

उत्प्रेरकाचे आयुष्य संपते तेव्हा तो पुन्हा तळोज्यात येऊ शकतो. मुंबई वेस्ट मॅनेजमेंटचे घातक कचऱ्याचे सामाईक केंद्र इथेच आहे, आणि वापरलेला उत्प्रेरक कायद्याने घातक कचऱ्याच्या यादीत आहे. त्यातले निकेल, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम शक्य तिथे परत मिळवायचे, उरलेले बंदिस्त जागी पुरायचे. अमोनियाचे लोखंड दहा वर्षांहून जास्त टिकते, पण पात्रातून तसेच काढले तर हवा लागताच पेट घेते. त्याला आधी थोड्या थोड्या ऑक्सिजनने सावकाश शांत करावे लागते.

पुढची मोठी घडामोड हायड्रोजनची आहे. नैसर्गिक वायूपासून एक टन अमोनिया बनवताना दीड ते दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. पाण्याचे विजेने विघटन करून हायड्रोजन मिळवला, तर अमोनियाच्या आधीची निकेल, लोखंड-क्रोमियम, तांबे-जस्त ही सगळी मालिका गळून पडते. लोखंड मात्र राहते, कारण हायड्रोजन कुठून आला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. फक्त विजेच्या पेटीतून आलेल्या हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन आणि ओलावा यांचा अंश असतो, आणि लोखंडाला तो सोसत नाही. त्यासाठी वाटेत पॅलेडियमचा एक लहान थर लावावा लागतो, जो त्या ऑक्सिजनचे पाणी करून टाकतो, आणि मग ते पाणी सुकवावे लागते. सौरऊर्जा दुपारी भरपूर आणि रात्री शून्य, त्यामुळे पात्र रोज तापणार आणि थंड होणार. वर्षानुवर्षे एकाच तापमानाला बसलेल्या मिटाशच्या लोखंडाला हे झेपेल का, की कमी दाबावर चालणाऱ्या रुथेनियमकडे वळावे लागेल, याचे प्रयोग सध्या चालू आहेत.